बुधवार-शुक्रवारचे हुशार उंदीर

माझं शिक्षण सातवी. पण माझ्या डब्यावर कितीतरी शाळांचं वेळापत्रक चालत होतं, आणि हे मला बावीस वर्षं कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मेला डबा तरी जरा मन लावून भरला असता.

आमचे हे, नाव धाकू, मूळ रत्नागिरीकडचे. राहायला आम्ही नवघरला. ह्यांची नोकरी काशीमीऱ्याला, हायवेवरच्या गॅरेजांच्या मागे ती मेंदूची संस्था आहे ना, तिथे. माहेरी मी सांगायची, "सायन्समध्ये आहेत." काम म्हणाल तर उंदीर सांभाळायचं. पांढरे उंदीर, गुलाबी शेपट्या. त्यांना खायला घालायचं, पिंजरे धुवायचे आणि रोज दुपारी दोन वाजता मॅडमसमोर त्यांची परीक्षा मांडायची.

मॅडम म्हणजे डॉक्टर निशिगंधा दातार. मेंदू शिकतो कसा, यावर त्यांचं आख्खं आयुष्य गेलं. ह्यांना नोकरीला घेतलं तेव्हा त्यांच्याकडे एक खोली आणि एक पंखा होता, तोही कुरकुरणारा. मग त्या विभागप्रमुख झाल्या, मग संचालक. प्रत्येक वेळी पेढे घेऊन घरी यायच्या, गणपतीला तर न चुकता. बाई सोन्यासारखी. फक्त एक गोष्ट माझ्या मनात काट्यासारखी होती. हे रोज एक वाजता डबा उघडून म्हणायचे, "मॅडम, घ्या ना," आणि मॅडम लांबूनच म्हणायच्या, "नको धाकूदादा, मी आणलाय." त्या पक्क्या शाकाहारी, मला मान्य आहे. बुधवारी-शुक्रवारी आमच्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी असतेच, तेव्हा नका खाऊ. पण सोमवारी? सोमवारी आमच्याकडे कुळथाची पिठी आणि भात! त्यात कुठला मासा पोहतो? गणपतीचा मोदक घ्यायच्या, पण डब्यातला बावीस वर्षांत एक घास नाही. मी ह्यांना म्हणायची, "तुमच्या मॅडमना सांगा, आमच्याकडे टोप धुतात."

आता ती उंदरांची परीक्षा. एक लांब खोका, त्याला तीन दारं. तिन्ही दारांमागे बिस्किटाचा तुकडा, म्हणजे उंदरानं नुसत्या बिस्किटाच्या वासावर जाऊ नये. तिन्ही बिस्किटांना जाळी. त्या आठवड्यात ज्या दाराचा नंबर असेल त्याचीच जाळी हे हातानं काढून ठेवायचे. उंदरानं आठवडाभरात शिकायचं की आपलं दार कुठलं. मॅडम घड्याळ लावून लिहायच्या. संध्याकाळी खोका धुऊन पालथा घालायचा. सोमवारी नवीन दार, नवीन परीक्षा.

आणि मॅडमना शोध लागला! सोमवार-मंगळवार उंदीर आपले धडपडतायत, ह्या दाराला नाक, त्या दाराला नाक. बुधवारी एकदम हुशार, सुटले की सरळ दारात. गुरुवारी पुन्हा मठ्ठ. शुक्रवारी पुन्हा हुशार. वर्षानुवर्षं हेच. मॅडम म्हणाल्या, मेंदूला लय असते, शिकलेलं दोन दिवस मुरतं, तिसऱ्या दिवशी वर येतं, मग एक दिवस थकवा. पावसाळ्यात महिनाभर सगळेच उंदीर ढ व्हायचे, त्याला त्यांनी नाव दिलं 'पावसाळी मरगळ'. पुस्तक लिहिलं, परदेशात भाषणं झाली, शाल-श्रीफळाला तर घरात जागा उरली नाही. शाळाशाळांत गणित बुधवार-शुक्रवारी शिकवायला लागले. आमच्या नवघरच्या नाक्यावरच्या क्लासनं तर बोर्डच लावला, 'मेंदूच्या लयीनुसार गणित! फक्त बुध-शुक्र!' आमच्या लेकीला, संपदाला, मी तिथेच घातलं होतं. दहावीला गणितात अडतीस पडले, तो भाग वेगळा.

ह्यांच्या नोकरीला वीस वर्षं झाली तेव्हा मॅडमनी त्या सगळ्या वर्षांचा आलेख भल्यामोठ्या फ्रेममध्ये घालून भेट दिला. खाली महिने आणि वार, वर उंदरांची हुशारी. मी तो हॉलमध्ये कॅलेंडरशेजारी टांगला. येणारा-जाणारा विचारायचा, "वहिनी, हा कार्डिओग्राम कोणाचा? दादांचा का?"

यंदा मॅडमचं नाव कुलगुरूपदासाठी लागलं. यादीत पहिलं. मॅडमनी त्यासाठी किती वर्षं वाट पाहिली होती, ते मला ठाऊक आहे. त्या म्हणायच्या, "आशाताई, मुलांना मार्कांच्या चरकातून बाहेर काढायचंय. पण खुर्चीवर बसल्याशिवाय कोणी ऐकत नाही." आणि नेमकं तेव्हाच एक पत्र आलं. पत्र कोणाचं, तर निहारचं. मॅडमचाच विद्यार्थी, भाईंदरचाच पोरगा, जर्मनीला गेलेला. त्यानं तिकडे तसाच खोका केला, तसेच उंदीर घेतले, आणि दोन वर्षं झाली तरी त्याच्या उंदरांना बुधवार कळेना. त्यानं जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं. झालं! लगेच चौकशी समिती बसली. आकडे खरे की बनवलेले, याचा निकाल लागेपर्यंत खुर्ची लटकलेली.

समिती आली ती ऐन श्रावणात, बुधवारी. अध्यक्ष आत्माराम सर म्हणून एक म्हातारे प्राध्यापक होते, भुवया ह्या एवढ्या. जर्मनीहून निहारलाही बोलावलं होतं. त्यांच्यासमोर बारा उंदीर सोडले. बाराच्या बारा भांबावलेले. एक तर खोक्याच्या मधोमध बसून मिशा पुसत राहिला.

हे संध्याकाळी घरी आले ते तोंड उतरवून. चप्पल काढायचंही भान नाही.

"मॅडम म्हणाल्या, ही पावसाळी मरगळ आहे," हे सांगत होते. "तर तो म्हातारा म्हणतो, 'बाई, ही फार सोयीची मरगळ आहे. आकडे बनवले असतील तर आत्ताच सांगा.' सगळ्यांसमोर गो! मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला आणि सगळ्या वह्या त्याच्यापुढे सरकवल्या. परवा शुक्रवारी परत बघणार आणि निकाल देणार."

मला असा संताप आला! आमच्या मॅडम आणि चोर? मी कणीक तिंबत होते, तशीच हॉलमध्ये आले आणि त्या आलेखासमोर उभी राहिले, जणू त्यालाच जाब विचारते. दोन वर्षं मी त्याची काच पुसत होते, पण वाचला कधीच नव्हता. आता बघते तर बुधवार वर, शुक्रवार वर, सोमवार खाली. शेजारी माझं कॅलेंडर.

"अहो," मी म्हटलं, "ह्या सपाट जागा कसल्या?"

"मरगळ."

"कसली डोंबलाची मरगळ! हा श्रावण आहे. हा पण श्रावण. ह्या वर्षी मरगळ दोन महिने? अहो, तेव्हा अधिक श्रावण होता! आणि हे बघा, ह्या आश्विनात नऊ दिवस खाली. नवरात्र! आणि हा भर मे महिन्यातला खड्डा, पंधरा दिवसांचा, मी भावाच्या लग्नाला गावी गेले होते आणि तुम्ही वडापाववर होतात. आणि हा..." मी पिठाचं बोट काचेवर ठेवलं. "हा तुमची आई गेली तो महिना आहे."

हे आलेखाजवळ येऊन वार मोजू लागले.

"तुम्ही डबा खाऊन जाळी काढता ना? हातमोजे घालून काढता?"

"हातमोज्यानं ती जाळी नीट धरता येत नाही गो," हे हळूच म्हणाले. "काढून ठेवतो. पण हात धुतो, साबणानं!"

"बोंबलाचा वास साबणानं कधी गेलाय? माझ्या नाकाला रात्रीपर्यंत येतो, मग उंदराच्या नाकाला यायला काय झालं?"

हे मटकन पाटावर बसले. ज्या दाराची जाळी ह्यांनी काढली, त्याच दाराला बोंबलाचा वास. उंदीर काही शिकत नव्हते, माझ्या चटणीमागे धावत होते. देवा रे! जर्मनीत कोण बोंबलाची चटणी खाणार?

आधी मला हसूच आलं. खोटं कशाला बोलू, पदर तोंडात कोंबून हसले. पण ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझ्यामुळे," हे म्हणाले. "एक हातमोजा घातला नाही मी. मॅडमचं आयुष्य गेलं त्यात. त्यांना सांगायचं कसं?"

"सांगायचं नाही," मी म्हटलं. "आधी खुर्ची मिळू दे. शुक्रवारी मी बोंबील देते डब्यात."

"श्रावणात?" हे ताडकन उठले. "माझ्या बापानं कधी श्रावण मोडला नाही! आणि परवा जिवतीचा शुक्रवार!"

"खा कोण म्हणतंय? नुसता हात लावा. हात लावला म्हणून श्रावण मोडतो, असं कुठल्या पोथीत लिहिलंय?"

गुरुवारी बाजारात गेले. उत्तनची कोळीण, माझी नेहमीची. मी बोंबील मागितले तशी तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "श्रावण हाय ना बाय?"

"मांजरीला गं."

"तुजेकरं मांजर कवा आली?"

"कालच आली. दे तू."

बोंबील घरात नाही आणले. पिशवीत पिशवी, त्यात पिशवी, गाठ मारून बाल्कनीत तुळशीपासून लांब ठेवली आणि डोक्यावरून आंघोळ केली. शुक्रवारी सकाळी एकीकडे जिवतीचं पुरण शिजत होतं आणि दुसरीकडे माझे हे बाल्कनीत उभे राहून, डोळे मिटून, रामरक्षा म्हणत बोंबील हाताला चोळत होते. आमच्यासारखे धर्मसंकटात दुसरे कोणी नसतील.

मीही बरोबर गेले. मॅडमना पुरणपोळी द्यायचं निमित्त केलं. खरं तर धीरच नव्हता घरी बसायचा.

मॅडम दोन दिवसांत दहा वर्षांनी म्हाताऱ्या झालेल्या दिसल्या. निहार कोपऱ्यात उभा, कागद छातीशी धरून. आत्माराम सर भुवया ताणून बसलेले. ह्यांनी जाळी काढली. पहिला उंदीर सोडला, आणि काय सांगू, बाण! दुसरा, बाण! बाराच्या बारा! शेवटचा तर दारापाशी पोचून बिस्कीट सोडून दारच चाटत बसला. मी मनात म्हटलं, अरे मेल्या, पुरे, संशय येईल.

आत्माराम सरांनी घड्याळ खाली ठेवलं. "अभिनंदन, मॅडम. माझा आरोप मी मागे घेतो."

मॅडमच्या चेहऱ्यावर रंग आला. माझ्या जिवात जीव आला. इथेच सगळं संपलं असतं तर मी आज ही गोष्ट कोणाला सांगितलीच नसती. पण निहार पुढे आला. "मॅडम, माझंच काहीतरी चुकलं असेल. मी पत्र मागे घेतो."

"पत्र मागे घेऊन भागत नाही," आत्माराम सर कडाडले. "एका ज्येष्ठ संशोधिकेचं नाव तुम्ही मातीत घातलंत. मी तुमच्या विद्यापीठाला कळवणार. तुम्हाला साधा प्रयोग करता येत नाही!"

निहारनं नुसती मान हलवली. माझ्या संपदाच्या वयाचा पोरगा. दोन वर्षं परक्या मुलखात एकटा उंदरांसमोर बसला, जे दिसलं तेच लिहिलं, एक आकडा इकडचा तिकडे केला नाही. आणि त्याला खोटं पाडलं कोणी? मी. जिवतीच्या शुक्रवारी. सकाळीच लेकीचं औक्षण केलं होतं मी, आणि इथे दुसऱ्या आईच्या लेकराचं वाटोळं करत होते.

"त्याचं काही चुकलं नाही!" मी ओरडले. मलाच माझा आवाज मोठा वाटला. "चूक माझ्या बोंबलाची आहे!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे भिंतीला टेकले. मी मग सगळंच ओकून टाकलं. डबा, चटणी, हातमोजे, श्रावण, सासूबाईंचा महिना, बाल्कनीतली पिशवी. बोलता बोलता रडायला लागले. "मॅडम, मला जोड्यानं मारा, पण ह्यांना काही बोलू नका."

मॅडम उठल्या. ह्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "धाकूदादा, हात दाखवा."

ह्यांनी हात पुढे केला. मॅडमनी वाकून वास घेतला. मग सरळ झाल्या, पुन्हा वाकल्या.

"पण हा तर उंदरांचा वास आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून येतोय मला ह्या खोलीत."

"नाही मॅडम," हे खाली मान घालून म्हणाले. "आमचा आहे तो."

आत्माराम सरांना खोकल्याची उबळ आली. ती खोकल्याची नव्हती, हे मला नंतर कळलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी खोका धुवायला लावला. निहारला हातमोजे घालायला सांगितले आणि बरोबर दाराची जाळी त्याच्याकडून काढून घेतली. मग ह्यांना म्हणाल्या, "धाकूदादा, आता चुकीच्या दाराला हात लावा. नीट, दोन्ही बाजूंनी."

"मॅडम, कशाला..."

"लावा."

बारा उंदीर सोडले. बाराही चुकीच्या दाराला जाऊन चिकटले. मॅडम प्रत्येकाची वेळ लिहीत होत्या, त्याच वहीत, त्याच अक्षरात. बाराव्याला हात थांबला. बावीस वर्षं दहा मिनिटांत गेली आणि ती त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवली. मला बघवेना.

मग आत्माराम सर हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आकडे तुम्ही बनवले नव्हते, एवढंच आम्हाला तपासायचं होतं. बाकीचं या खोलीबाहेर जायची गरज नाही. पदभार घ्या, मग सावकाश बघू."

मॅडम आपल्या खुर्चीपाशी गेल्या. मला वाटलं बसणार. त्यांनी खुर्ची ओढली आणि निहारला म्हणाल्या, "बस इथे. पत्र मागे घ्यायचं नाही. आज काय पाहिलंस ते सगळं लिही, बोंबलासकट. खाली पहिली सही माझी."

पुढचे दिवस फार वाईट गेले. पेपरात आलं. हे वेळेवर कामाला जायचे, पण धड जेवायचे नाहीत. नाक्यावरच्या क्लासनं बोर्ड उतरवला आणि दोन दिवसांत नवीन लावला, 'गणित! आता सातही वार!' त्याला काय, लाज ना शरम. गणपती आले. मी दर वर्षीसारखे मोदक केले, मॅडमच्या वाटणीचे बाजूला काढून ठेवले. मॅडम आल्या नाहीत. बावीस वर्षांत पहिल्यांदा. पाचव्या दिवशी गणपती गेले, मॅडमच्या वाटणीचे मोदक मीच खाल्ले.

पुढच्या बुधवारी सकाळी बोंबील तव्यावर टाकले होते आणि बेल वाजली. दारात मॅडम, काखेत जाडजूड वह्या. मला काय करू सुचेना. गॅस बंद करायला धावले.

"राहू दे, आशाताई," त्या म्हणाल्या आणि सरळ सैपाकघरात येऊन तव्यावर वाकल्या. दीर्घ श्वास घेतला. तोंड जरा वाकडं झालं, पण मागे हटल्या नाहीत. "हं. आता कधी विसरणार नाही."

"मॅडम, खुर्ची गेली ना हो आमच्यामुळे?"

"खुर्चीचं सांगते, आधी हे बघा." वह्या ओट्यावर उघडल्या. "सोमवार, मंगळवार, गुरुवार. तुमचे शाकाहारी वार. वासाबिसाची मदत नाही. इथे उंदीर खरंच शिकत होते, आशाताई. हळू, चुकत चुकत, पण दर आठवड्याला सोमवारपेक्षा गुरुवारी थोडे जास्त. बावीस वर्षांचं खरं शिकणं इथे पडून आहे. मी ह्यांना वाईट वार म्हणत होते. कधी नीट उघडूनही पाहिले नाहीत."

मला वह्यांतलं सायन्स कळलं नसतं, पण एवढं कळलं. संपदाला अडतीस मार्क पडले तेव्हा मी तिला काय काय बोलले होते, तेही आठवलं.

"आणि खुर्ची?"

मॅडमनी पर्समधून पत्र काढलं. "आत्माराम सरांनी सगळं जसंच्या तसं कळवलं, काही लपवलं नाही. शेवटी एक ओळ घातली, 'ह्या बाई चूक दाखवणाऱ्याला आपली खुर्ची देतात, म्हणून खुर्ची ह्यांनाच द्यावी.' सोमवारी पदभार घ्यायचाय. धाकूदादा आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं."

हे दारातच उभे होते. आपले दोन्ही हात त्यांनी पाठीमागे लपवले. आणि मी, सांगायला लाज कसली, तव्यासमोर उभी राहून रडले.

"आशाताई," मॅडम जरा अडखळत म्हणाल्या, "सोमवारी तुमच्या डब्यात काय असतं?"

"काय असणार, कुळथाची पिठी आणि भात. का?"

"माझ्यासाठी पण द्याल?"

मी डोळे पुसले. माझा स्वभाव काही जायचा नाही, तोंडून निघालंच. "बावीस वर्षं हे विचारत होते, तेव्हा नको म्हणालात!"

"हो ना," मॅडम म्हणाल्या. "बावीस वर्षं सोमवार फुकट घालवले मी."

सोमवारी मी पहाटे उठून दोन डबे भरले.